दोनशे अंशांवर दीड तास

रविवारी दुपारी जेवण झालं की माणसानं सरळ आडवं व्हावं. त्यात कुणाचं काही नुकसान नसतं. कोरडेसाहेब त्या रविवारी नेहमीसारखे आडवे झाले असते, तर पुढच्या सहा दिवसांत घरात जे काही झालं त्यातलं काहीच झालं नसतं. पण त्यांनी ठरवलं, की आज बायकोला थोडी मदत करू या. (नवरा आपणहून मदतीला उठला, की शहाण्या बायका आधी काचेची भांडी वरच्या फळीवर ठेवतात. पण नेमक्या त्या दिवशी वहिनी घरी नव्हत्या.)

कोरडे हे त्यांचं आडनाव नव्हे. ते पडलेलं नाव. सोड्याच्या कारखान्यात तयार मालाच्या गोदामावर त्यांची बावीस वर्षं गेली. गोदामात धुण्याच्या सोड्याची पोती छताला टेकलेली, आणि गोदामाला शत्रू एकच, ओल. ओल लागली की सोड्याचा दगड होतो आणि गिऱ्हाईक तो दगड परत आणून टेबलावर आपटतं. त्यामुळे डॉक्टरनं नाडी बघावी तसा कोरडेसाहेब प्रत्येक थप्पीवर तळहात ठेवायचे, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचे, "दमट आहे. बाजूला घ्या." मग गेटवर ट्रक खोळंबलेला असो की खुद्द मालक उभे असोत, ते पोतं काही बाहेर जात नसे. हमालांनी त्यांना कोरडेसाहेब म्हणायला सुरुवात केली, ऑफिसनं ते उचललं, आणि पुढे पुढे घरी येणारी पत्रंही त्याच नावानं यायला लागली.

सोडियमबद्दल त्यांना फार अभिमान. पाहुणे आले की चहाबरोबर ते हा विषय काढायचेच. "मीठ घ्या, साबण घ्या, ही समोरची काच घ्या, औषधाच्या गोळ्या घ्या. सगळ्यात सोडियम! जगातून सोडियम काढून टाका, काय उरेल?"

"माझं ब्लडप्रेशर उतरेल," आतून त्यांची आई म्हणायची. डॉक्टरांनी मीठ कमी केल्यापासून म्हातारीचा सोडियमवर राग होता, आणि लेकाच्या कारखान्यातलंच सोडियम लेकाच्या शर्टावरून आपल्या रक्तात शिरलं, अशी तिची पक्की समजूत होती.

आता खरं सांगायचं, तर सोडियमविषयी कोरडेसाहेबांचं ज्ञान पोत्याबाहेर फारसं गेलं नव्हतं. पोतं, वजन आणि चिठ्ठी. आत काय आहे हे बघायला प्रयोगशाळा होती, तिथे केमिस्टबाई होत्या. सोडा म्हणजे सोडा. तो पांढरा असतो आणि कोरडा असला पाहिजे, एवढं बावीस वर्षांत पुरलं होतं.

वहिनींचं (सगळी बिल्डिंग त्यांना वहिनीच म्हणायची) प्रकरण वेगळं होतं. लग्नाआधी त्या एका बेकरीत केक करायच्या, आणि चांगले करायच्या. मग संसार, मुलीचं शिक्षण, सासूबाईंची दुखणी, यात पंचवीस वर्षं कशी गेली ते कळलं नाही. गेल्या वर्षी मुलगी लग्न होऊन गेली आणि वहिनींनी स्वतःच्या शिवणकामाच्या पैशांतून एक ओव्हन घेतला. आधी शेजारी, मग शेजाऱ्यांचे पाहुणे, असे केक जायला लागले. आणि आता पहिली मोठी ऑर्डर आली होती. कोपऱ्यावरच्या वाचनालयाला पन्नास वर्षं पूर्ण होत होती. शनिवारी दुपारी चार वाजता कार्यक्रम, शंभर माणसं, सहा मोठे लिंबाचे केक. ग्रंथपालबाई स्वतः घरी येऊन सांगून गेल्या होत्या, "बाहेरून मागवणार नाही. तुमच्याच हातचे हवेत."

ते 'तुमच्याच हातचे' वहिनींनी दिवसभरात कोरडेसाहेबांना चारदा सांगितलं.

तर त्या रविवारी वहिनी बहिणीकडून मोठे साचे आणायला गेल्या होत्या. जाताना सहज बोलून गेल्या, "सोड्यात गुठळ्या झाल्यात. ओल लागली वाटतं. चाळून घेईन नंतर."

ओल! आपल्या घरात! कॉटवर टेकलेले कोरडेसाहेब ताडकन उभे राहिले.

स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी खाण्याच्या सोड्याचं पाकीट उघडलं आणि तळहात टेकवून डोळे मिटले. दमट होता. उन्हात ठेवावा, तर आभाळ भरून आलेलं. तव्यावर परतावा, तर उडेल. मग त्यांची नजर ओव्हनवर गेली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. ओव्हनला हात लावायला त्यांना बंदी होती. पूर्वी एकदा त्यांनी आपले भिजलेले बूट त्यात वाळत ठेवले होते. बूट वाळले. इतके वाळले, की नंतर त्यात पाय जाईना, आणि पुढचा महिनाभर घरातल्या प्रत्येक पावाला चामड्याचा वास यायचा. पण बुटांची गोष्ट वेगळी, असा त्यांनी विचार केला. सोडा हा आपला विषय आहे.

पाकीट काट्यावर ठेवलं. नऊशे पन्नास ग्रॅम. मोठ्या पत्र्याच्या ट्रेमध्ये पसरलं, ओव्हन दोनशे अंशांवर लावला आणि समोर स्टूल टाकून बसले. थोड्या वेळानं काचेवर वाफ धरली. कोरडेसाहेबांना इतका आनंद झाला की त्यांनी आईला हाक मारली.

"आई, बघ! ओल कशी बाहेर पडतेय!"

आई येऊन बघून गेली. "ओव्हनला हात लावलास होय रे? सूनबाईला कळलं ना, तर तुझी वाफ काढेल."

"तिला सांगू नकोस. नुसती ओल काढतोय."

एक तासात काम झालं असतं, पण अर्धवट वाळवणाऱ्यांतले ते नव्हते. आणखी अर्धा तास ठेवला. मग गार करून, गुठळ्या मोडून, दोनदा चाळून, एका स्वच्छ काचेच्या बरणीत भरला. त्यावर 'खाण्याचा सोडा' अशी सुबक अक्षरात चिठ्ठी लावली. सोडा कसा निघाला होता म्हणाल, तर हलकासा, मऊ, पिठासारखा. आणि काट्यावर ठेवला तर सहाशे ग्रॅम!

कोरडेसाहेबांनी पुन्हा वजन केलं. सहाशे. म्हणजे साडेतीनशे ग्रॅम नुसतं पाणी! किलोमागे एक तृतीयांशाहून जास्त! बावीस वर्षांत असा दमट माल त्यांनी पाहिला नव्हता.

संध्याकाळी वहिनींनी बरणी पाहिली. "अय्या, हे काय? किती छान दिसतंय! गुठळ्या गेल्या कुठे?"

"चाळला जरा," कोरडेसाहेब विनयानं म्हणाले. (हे खोटं नव्हतं. दोनदा चाळलाच होता.)

सोमवारी सकाळी ऑफिसला जाता जाता ते कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात शिरले.

"तुमच्या खाण्याच्या सोड्यात पाणी आहे."

दुकानदारानं फळीवरचं एक पाकीट उचललं, कानाशी नेऊन हलवलं. "वाजत तर नाही."

"आत मुरलेलं आहे. किलोमागे साडेतीनशे ग्रॅम."

"साहेब, इतकं पाणी असतं तर मी तो पाकिटातून विकला असता का? बाटलीत भरून वर नळी दिली असती."

"चेष्टा करू नका. मी स्वतः वजन केलंय. मी सोड्याच्या कारखान्यात आहे!"

"मग आमच्याकडनं कशाला घेता? घरचाच वापरा ना."

दुकानात दोन-तीन माणसं हसली. कोरडेसाहेबांनी जाहीर केलं, की या दुकानाची पायरी ते पुन्हा चढणार नाहीत, आणि ते तरातरा बसस्टॉपवर गेले. दिवसभर त्यांना एका लढाईचं समाधान पुरलं.

मंगळवारी वहिनींनी नमुन्याचा म्हणून एक केक केला. चार लिंबं पिळली, लोणी फेटलं, अंडी फेटली, ओव्हनमध्ये ठेवला आणि पाऊण तासानं बाहेर काढला.

केक फुगायच्या ऐवजी बसला होता. त्याचा रंग जुन्या वर्तमानपत्रासारखा पिवळट तपकिरी झाला होता. वहिनी त्याच्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांनी एक तुकडा तोडून सासूबाईंना दिला, कारण म्हातारीची जीभ मीठ तुटल्यापासून अशी तल्लख झाली होती, की शेजारच्या घरात भाजीत काय कमी आहे ते ती इथून सांगायची.

आजीबाईंनी तुकडा तोंडात फिरवला. "चांगला आहे. पण भांडं नीट विसळलं नव्हतंस का गं? साबण राहिलाय."

वहिनींनी चाखला. खरंच साबण! आणि लिंबाचा पत्ता नाही. चार लिंबं घातलेल्या केकमध्ये औषधालासुद्धा आंबटपणा नव्हता.

बुधवारी घरातलं प्रत्येक भांडं तीन तीन वेळा विसळलं गेलं. कोरडेसाहेबांनी ऑफिसातून आल्याआल्या बाह्या सरसावून विसळण्यात भाग घेतला. पुन्हा केक झाला. पुन्हा वीट. पुन्हा साबण.

"अंडी असतील," कोरडेसाहेब म्हणाले.

"अंड्याला साबणाचा वास कसा येईल?"

"हल्ली काय सांगावं! धुऊन विकतात."

अंडी बदलली. मग मैदा बदलला, लोणी बदललं. शेजारणीनं सांगितलं की पाण्याची टाकी धुतलीय, म्हणून पाणीही खालच्या मजल्यावरून आणलं. गुरुवारी सकाळी वहिनी बरणीकडे बघत म्हणाल्या, "सोडा तर नसेल ना बिघडला?"

"सोडा?" कोरडेसाहेब जवळजवळ ओरडलेच. "सोड्याचा प्रश्नच येत नाही! तो मी स्वतः... म्हणजे, स्वतः बघितलाय. इतका कोरडा सोडा तुला गावात मिळणार नाही. सोड्यातलं तरी मला शिकवू नकोस."

वहिनींनी बरणी फळीवर सरकवली. सोड्यातलं त्यांना कसं शिकवणार? तो त्यांचा विषय होता.

गुरुवारचा केक तिसरा. तो साच्यातून पडताना ओट्यावर ठप्प असा आवाज झाला.

संध्याकाळी कोरडेसाहेब घरी आले तेव्हा स्वयंपाकघरात दिवा लावलेला नव्हता. वहिनी स्टुलावर बसल्या होत्या. रडत नव्हत्या. रडत असत्या तर कोरडेसाहेबांना काहीतरी करता आलं असतं, पाणी आणून देता आलं असतं. त्या नुसत्या हात मांडीवर ठेवून हातांकडे बघत होत्या.

"उद्या ग्रंथपालबाईंना नाही म्हणून कळवते," त्या म्हणाल्या. "बाहेरून मागवतील त्या. अजून एक दिवस आहे."

"अगं, असं काय करतेस..."

"माझा हात गेला हो. पंचवीस वर्षं थोडी नसतात. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी कौतुक केलं, मी खरं मानलं. लहानसहान केक जमतात, म्हणून काय सगळं जमतं असं नाही." मग त्यांनी ओव्हनचं दार लावलं, अगदी हळू, दुसऱ्याची वस्तू ठेवावी तसं. "शिवणच बरं आपलं."

कोरडेसाहेब कपडे न बदलताच बाहेरच्या खोलीत बसून राहिले. 'हात गेला' हे शब्द त्यांच्या डोक्यातून जाईनात. ज्या हातांनी ओव्हनचं खोकं उघडताना लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवल्या होत्या, ते हात. आपल्याला दुसरं काही येत नसेल, त्यांनी विचार केला, पण माल परत आला तर काय करायचं हे तरी येतं. आधी नमुने घ्यायचे आणि प्रयोगशाळेत पाठवायचे.

"सकाळी अकरापर्यंत कळवू नकोस," ते आत जाऊन म्हणाले. "मला फक्त अकरापर्यंत वेळ दे."

शुक्रवारी सकाळी त्यांच्या डब्याच्या पिशवीत डब्याऐवजी सहा पुड्या होत्या. मैदा, साखर, लोणी, मीठ, लिंबाची साल आणि सोडा. प्रत्येकीवर तारीख आणि नमुना क्रमांक. कारखान्यात पोचताच ते गोदामाकडे न जाता प्रयोगशाळेत गेले आणि केमिस्टबाईंपुढे पुड्या ओळीनं मांडल्या. केमिस्टबाई वयानं त्यांच्या मुलीएवढ्या, पण कामाला फार कडक.

"ह्यातल्या एकात साबण आहे," कोरडेसाहेब म्हणाले. "कशात ते शोधून द्या. माझ्या बायकोच्या आयुष्याचा प्रश्न आहे."

केमिस्टबाई घाबरल्या. "वहिनींनी काही खाल्लं का?"

"खाल्लं नाही. ती केक सोडून देतेय."

केमिस्टबाईंनी एकेक पुडी उघडली. मैदा ठीक. साखर ठीक. मीठ ठीक. सहाव्या पुडीतली चिमूट त्यांनी पाण्यात टाकली आणि वरून एका बाटलीतला एक थेंब सोडला. पाणी एकदम गडद गुलाबी झालं.

त्यांनी भुवया उंचावल्या. "कोरडेसाहेब, पुड्यांची अदलाबदल झालीय. हा आपल्या गोदामातला माल आहे. धुण्याचा सोडा."

"छे! तो खाण्याचा सोडा आहे. किराणा दुकानातला."

"मी रोज हेच तपासते साहेब. झोपेत ओळखीन. खाण्याच्या सोड्याला हा रंग येत नाही, आला तर अगदी फिकट. हे वहिनींनी केकमध्ये घातलं?"

"तीन वेळा," कोरडेसाहेबांचा आवाज खोल गेला. "म्हणजे त्या दुकानदारानं... मी म्हणत होतोच! पाणी घालतो, भेसळ करतो..."

"पाणी? कसलं पाणी?"

"नऊशे पन्नास ग्रॅमचा वाळवून सहाशे ग्रॅम झाला!"

केमिस्टबाईंच्या हातातली काचकांडी थांबली. "वाळवला? कशात?"

"ओव्हनमध्ये."

"किती अंशांवर?"

"दोनशे."

"किती वेळ?"

"एक तास," कोरडेसाहेब म्हणाले. मग प्रामाणिकपणानं पुढे म्हणाले, "दीड."

केमिस्टबाईंनी तोंडावर हात धरला आणि त्या खिडकीशी गेल्या. त्यांचे खांदे हलत होते. थोड्या वेळानं त्यांनी कोरडेसाहेबांना जवळ बोलावलं.

"ती समोरची फिरती भट्टी दिसते? तिच्यात एका बाजूनं काय जातं?"

कोरडेसाहेबांना भट्टी दिसत होती. बावीस वर्षं दिसत होती. गोदामाच्या दारातून शंभर पावलांवर ती दिवसरात्र फिरायची, आणि तिची घरघर बंद पडली तर त्यांची दुपारची डुलकी मोडायची. पण तिच्यात काय जातं हे विचारायचं त्यांना कधी सुचलं नव्हतं. त्यांचा संबंध बाहेर येणाऱ्या मालाशी.

"तिच्यात खाण्याचा सोडा जातो," केमिस्टबाई म्हणाल्या. "तो तापवला की त्यातली वाफ निघून जाते, वायू निघून जातो, आणि उरतो धुण्याचा सोडा. वजन एक तृतीयांशाहून जास्त घटतं. सगळा कारखाना एवढंच तर करतो साहेब. तुम्ही तो घरी केलात."

"पण केक फुगवणारा वायू...?"

"तो तुम्ही रविवारीच उडवलात. आणि जो सोडा उरला, त्यानं लिंबाचा आंबटपणा खाल्ला, लोण्याशी संगनमत करून साबणाची चव आणली."

कोरडेसाहेब भिंतीला टेकून उभे राहिले. केमिस्टबाईंना त्यांची दया आली. त्यांनी उरलेल्या पुडीची नीट चाचणी केली, आकडेमोड केली आणि म्हणाल्या, "एक सांगू? साडेनव्याण्णव टक्के शुद्ध आहे. आपल्या भट्टीतून इतका चांगला माल निघत नाही."

क्षणभर, अगदी क्षणभर, कोरडेसाहेबांची छाती फुगली. मग त्यांनी घड्याळ बघितलं. साडेदहा वाजत आले होते. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, आणि तिच्यावर कारण लिहिलं, 'घरी माल परत आला आहे.'

बसमध्ये त्यांनी कबुलीजबाबाची तालीम केली. पहिल्या आवृत्तीत दोष दुकानदाराचा होता, दुसऱ्या आवृत्तीत हवेचा. तिसरी तयार होईपर्यंत त्यांचा स्टॉप आला. घरात शिरले तर वहिनी फोन हातात घेऊन उभ्या होत्या. अकराला पाच मिनिटं कमी होती.

"फोन ठेव," कोरडेसाहेब धापा टाकत म्हणाले, आणि तालमीतलं सगळं विसरून त्यांनी सरळ सांगून टाकलं. गुठळ्या, ओव्हन, दोनशे अंश, दीड तास, भट्टी, गुलाबी पाणी. आई दारात उभी राहून ऐकत होती आणि प्रत्येक वाक्याला "मी सांगत होते" म्हणत होती. (तिनं सांगितलं काहीच नव्हतं. उलट पाच दिवस गुपित सांभाळून ती दमली होती.)

सांगून झाल्यावर, आता भांडं येतं की फोन येतो, याचा अंदाज घेत त्यांनी मान थोडी खाली घेतली.

वहिनींनी फोन खाली ठेवला. मग म्हणाल्या, "म्हणजे माझा हात गेला नव्हता?"

"नाही गं."

"केक मला येतो?"

"येतो. तुला काय झालंय! धुण्याच्या सोड्याचा केक मंगळवारपासून करतेयस, तोसुद्धा आईनं 'चांगला आहे' म्हणून खाल्ला!"

वहिनी मटकन खुर्चीत बसल्या आणि हसायला लागल्या. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पदरानं पुसलं तरी थांबेना. कोरडेसाहेबांना कळेना की हे हसणं आहे की दुसरं काही. त्यांनी आपलं पाणी आणून दिलं. वहिनींनी ते पिऊन टाकलं, उठल्या, केस वर बांधले.

"उभे काय राहिलात? सोडा आणा. पाकीट फोडायचं नाही, हुंगायचं नाही, हात टेकवायचा नाही. जसा आहे तसा आणायचा."

आणि सोडा जवळपास फक्त एकाच दुकानात मिळत होता.

दुकानदारानं कोरडेसाहेबांना पायरीवर घुटमळताना पाहिलं, आणि हातातलं काम सोडून तो गल्ल्यावर कोपरं टेकून उभा राहिला.

"एक किलो खाण्याचा सोडा," कोरडेसाहेब त्याच्याकडे न बघता म्हणाले.

"पाण्यासकट देऊ, की काढून?"

त्यांनी मागे वळून दुकानात आणखी कुणी नाही ना ते बघितलं. मग कोरडेसाहेबांनी सगळी हकीकत सांगितली. पायरी पुन्हा चढायची, तर डोकं वर ठेवून चढता येत नाही एवढं त्यांना कळत होतं. दुकानदार इतका हसला की त्याला वजनाचा काटा धरावा लागला. पण शेवटी त्यानं आतल्या पोत्यातून ताजं पाकीट काढून दिलं, आणि वर सहा लिंबं कागदात बांधून दिली. "वहिनींना सांगा, माझ्याकडून. बिचाऱ्यांची बारा लिंबं तुम्ही फुकट घालवलीत."

त्या दुपारपासून घराचा कारखाना झाला. वहिनी मुख्य, आई तपासनीस आणि कोरडेसाहेब हमाल. त्यांनी अंडी फेटली, साचे पुसले, लिंबं किसली (आणि लिंबांबरोबर दोन बोटं). नव्या सोड्याचं पाकीट वहिनींनी स्वतःच्या उशाकडच्या फळीवर ठेवलं होतं. चमचाभर लागला की त्या आत जाऊन घेऊन यायच्या.

पहिला केक ओव्हनमध्ये गेला तेव्हा तिघंही काचेसमोर बसले. दहा मिनिटं काही झालं नाही. पंधराव्या मिनिटाला मधोमध हलकीशी उचल दिसली. मग कडा वर यायला लागल्या. केक चढत चढत साच्याच्या वर आला, त्याला छानसा घुमट आला, मधे एक चीर पडली, आणि लिंबाचा वास जिन्यापर्यंत गेला. वहिनींनी कोरडेसाहेबांचा हात धरला होता. किसलेल्या बोटांचाच धरला होता, पण त्यांनी तो सोडवून घेतला नाही.

आईनं तुकडा चाखला. डोळे मिटून बराच वेळ चघळला.

"साबण?" कोरडेसाहेबांनी भीत भीत विचारलं.

"आंबटगोड," आई म्हणाली. "आणखी एक दे."

शनिवारी चार वाजता वाचनालयाच्या मोठ्या टेबलावर सहाही केक ओळीनं मांडले होते. भाषणं झाली, ती कुणी फारशी ऐकली नाहीत. सगळ्यांचं लक्ष टेबलाकडे होतं. साडेपाचपर्यंत ताटल्यांत बोटांनी टिपायलासुद्धा चुरा उरला नाही. एका शाळेच्या मुख्याध्यापिकेनं वहिनींना स्नेहसंमेलनाचे दहा केक सांगितले, बँकेतल्या एका गृहस्थांनी मुलीच्या वाढदिवसाचा सांगितला. वहिनी छोट्या वहीत तारखा लिहून घेत होत्या, आणि त्यांचा हात भराभर चालत होता. कोरडेसाहेब रिकामे साचे पिशवीत भरता भरता चोरून त्या हाताकडे बघत होते. आपल्याला असा आनंद गोदामात कधी झाला नव्हता, असं त्यांना वाटलं.

तेवढ्यात ग्रंथपालबाई आल्या. "वहिनी, काय हात आहे तुमचा! एकटीनं केलंत सगळं?"

"नाही हो, ह्यांनी खूप मदत केली," वहिनी म्हणाल्या.

"हो का? हे पण बेकरीतले का?"

"नाही," वहिनी सरळ चेहऱ्यानं म्हणाल्या. "हे धुण्याचा सोडा करतात. घरीच. माझ्या ओव्हनमध्ये."

कोरडेसाहेबांना वाटलं, जमिनीनं दुभंगून आपल्याला पोटात घ्यावं, साचेसुद्धा घेऊन. पण ग्रंथपालबाईंचे डोळे चमकले.

"घरचा? बाजारातला इतका भेसळीचा मिळतो हल्ली! आमचे हे पडदे बघा ना, पन्नास वर्षांचा मळ आहे. थोडा मिळेल का?"

"अहो, तो तसा नाही..." कोरडेसाहेब चाचरत म्हणाले. "तो चुकून... म्हणजे माझा व्यवसाय तो नाही..."

"दे रे तिला," मागून आई म्हणाली. केकचा शेवटचा तुकडा तिनं रुमालात बांधून घेतला होता. "जन्मात तेवढा एकच पदार्थ तुला नीट जमलाय."